आमच्या देव्हाऱ्यातला विलायती खंडोबा

घट बसायच्या आदल्या दिवशी देव्हारा उतरवून सगळे देव घासायचे असतात आमच्यात. दरवर्षी आई करते, यंदा तिचा गुडघा धरलाय म्हणून काम माझ्यावर आलं, आणि मी आपला ताटात चिंच घेऊन बसलो, आधी अंबाबाईचा टाक, मग खंडोबाचा, आणि सगळ्यात शेवटी ती गिनी. तेवढ्यात आई आतनं ओरडली, "त्याला जास्त घासू नको रे, आधीच झिजलाय." 'त्याला' म्हणाली, 'तिला' नाही.

हे जरा सांगायला पाहिजे. आमच्या घरात पणज्याच्या काळातली एक सोन्याची गिनी आहे. पणजा निपाणीकडचा, तंबाखूत चार पैसे कमावलेला माणूस, कुठल्यातरी हिशोबात त्याला ती मिळाली म्हणतात. आज्जी लग्न होऊन या घरात आली तेव्हा ती कापडात गुंडाळून डब्यात होती. आज्जीनं उघडून बघितलं तर घोड्यावर स्वार, हातात तलवार, घोड्याच्या पायाखाली कायतरी वळवळणारं. आमचं कुलदैवत मंगसुळीचा खंडोबा. आज्जीला लिहायवाचायला येत नव्हतं, आणि तसंही त्यात विचार करण्यासारखं काय होतं, तिनं गिनी उचलली आणि देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी ठेवली. घोडा आहे, तलवार आहे, खाली मणी दैत्य आहे, अजून काय पाहिजे?

लहानपणी मी विचारलेलं, आज्जी ह्याच्यात म्हाळसा कुठाय, तर म्हणाली पलीकडनं बसलीय, दिसंना होय तुला. म्हणून मी पलटून बघितलं तर तिथं दाढीवाला माणूस. हा कोण? "तो असूदे, त्याला खाली घालून ठेवायचं." म्हणजे हिंदुस्थानचा बादशहा पंचम जॉर्ज आमच्याकडं साठ-सत्तर वर्षं ताम्हणात पालथा पडून आहे, तोंड भंडाऱ्यात.

बेळगावात वडगावला आमच्या शेजारी एक कन्नड अक्का राहायच्या. त्या हळदीकुंकवाला आल्या की देव्हाऱ्याकडं बघून हात जोडायच्या आणि म्हणायच्या "इदु नम्म मैलारलिंगप्पा री". आमचा खंडोबा तोच त्यांचा मैलार. तेव्हा दोन्ही भाषांत शिक्कामोर्तब झालेला विषय होता हा, शंका कुणालाच नव्हती.

मला पण नसती आली. पण दोन वर्षांमागं वरच्या मजल्याचा स्लॅब टाकायचा होता, पैसे कमी पडायलेले, मग घरातलं जुनंपानं सोनं काढलं आणि त्यात ही पण नेली दाखवायला, नुसतं भाव काय येतो बघू म्हणून. दुकान कुठलं ते सोडा. त्या माणसानं काट्यावर टाकली, आठ ग्रॅम तीनशे, वर जोडलेल्या कडीकडं बघितलं, म्हणाला झाळकाम आहे, वजनात घट धरावी लागेल, मोडीत घेतो. कॅलेंडरच्या कागदामागं आकडा लिहून सरकवला. साल बघितलं नाही, बाजू पलटली नाही, काही नाही. पाटल्या आणि एक तुटकी साखळी विकली तिथंच, पण गिनी परत खिशात घातली. राग आला म्हणून आणली खरं तर, इतिहासाचं प्रेम वगैरे तेव्हा काही नव्हतं.

कडीचं पण एक आहे. मुळात नाण्याला कडी नव्हती. १९६३ ला सुवर्ण नियंत्रण आलं, मोरारजी देसाई अर्थमंत्री, नवीन दागिना चौदा कॅरेटच्या वर करायचा नाही असा नियम, कितीतरी सोनारांचं काम गेलं त्यात. मग १९६८ चा कायदा आला, लगडी-बिस्किटं घरात ठेवायला बंदी, नाण्यांवर निर्बंध, दागिन्यांना त्या मानानं ढील. तो १९९० ला रद्द झाला. आता त्याच्यातली कलमं आज्ज्याला कुठली कळणार, त्यानं बाजारात ऐकलं की नाणं असलं तर धरतात, दागिना असला तर सोडतात, की आला शहापूरच्या सराफ गल्लीत आणि कडी झाळून घेतली. झाला दागिना. आज्जी म्हणे चार दिवस बोलली नाही, देवाच्या डोक्यात कडी ठोकली म्हणून.

तर दुकानातनं परत येताना खडेबाजारच्या बोळात एक घड्याळ दुरुस्तीवाले काका आहेत त्यांच्याकडं थांबलो. डोळ्याला लावायचं भिंग असतं ना त्यांचं, ते मागितलं. काका म्हणाले काय बघायलास, म्हटलं खंडोबा.

भिंगातनं बघितलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की ह्याच्या अंगावर कपडाच नाही! डोक्यावर शिरस्त्राण, पाठीमागं उडणारा झगा, बाकी उघडा. आज्जीच्या हे कधी लक्षात आलं नाही, भंडाऱ्यानं लाज राखली म्हणायची. शिरस्त्राणावरचा तुरा चिंचेनं जवळजवळ गेलाय, तोंड सपाट झालंय, पण घोड्याची मान अजून काय ताठ आहे, आणि त्याच्या खुराखालचा प्राणी पंख पसरून वर बघतोय. मणी दैत्याला पंख नसतात हे आज्जीला सांगायला पाहिजे होतं.

हा सेंट जॉर्ज. इंग्लंडचा रक्षक संत, ड्रॅगन मारणारा. आणि आपण ज्याला गिनी म्हणतो ती खरी गिनी नाहीच. गिनी हे इंग्रजांचं आधीचं नाणं, १६६३ पासूनचं, आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावरच्या सोन्यावरनं नाव पडलं, १८१४ ला शेवटची पाडली. त्याच्यानंतर १८१७ ला नवीन आलं ते सॉव्हरिन, एक पौंडाचं. हिंदुस्थानात आलं ते हेच जास्त, पण नाव जुनंच चिकटून बसलं. आम्ही पण नाही का बेळगावात कुठल्याही झेरॉक्सला झेरॉक्सच म्हणतो.

डिझाइन करणारा माणूस इंग्रज नव्हता ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. बेनेदेत्तो पिस्त्रुची, रोमचा, जन्म १७८३ चा, धंदा खड्यांवर कोरीवकाम करायचा. लंडनला १८१५ ला आला, आणि टांकसाळीचा प्रमुख होता विल्यम वेलस्ली पोल, त्यानं ह्याला काम दिलं. हा पोल म्हणजे ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा थोरला भाऊ, आणि तो वेलिंग्टन म्हणजे १८०० च्या पावसाळ्यात आमच्या मलप्रभेच्या खोऱ्यात धोंडिया वाघ नावाच्या बंडखोराच्या मागं चिखल तुडवत फिरलेला कर्नल वेलस्ली. जग लई लहान आहे. पिस्त्रुचीनं ग्रीक पुतळ्यासारखा स्वार काढला, सुरुवातीला हातात मोडका भाला होता आणि भोवतीनं फ्रेंचमधलं ब्रीदवाक्य लिहिलेला पट्टा, मग १८२१ पासून पट्टा गेला आणि भाल्याच्या जागी तलवार आली. लोकांनी नावं ठेवली, एवढ्याशा तलवारीनं ड्रॅगन मरणार कसा, आणि खरंच आखूड आहे ती. आज्जीच्या दृष्टीनं मात्र १८२१ चा हा बदल फार मोलाचा, भाला असता तर खंडोबा झाला असता का काय माहीत. मध्ये १८२५ ला घोडेस्वार काढून राजघराण्याची ढाल घातली, १८७१ ला तो परत आला आणि अजून आहे. कोपऱ्यात बी.पी. अशी दोन बारीक अक्षरं आहेत, पिस्त्रुचीची सही, आमच्यातली बी अर्धी गेलीय.

दुसऱ्या बाजूला जॉर्ज, मुकुट नाही, डावीकडं तोंड, मानेच्या खाली बी.एम., म्हणजे बर्ट्रम मॅकेनल, तो ऑस्ट्रेलियन शिल्पकार. भोवतीनं लॅटिन अक्षरं, शेवटी 'इंड इंप', म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट. आणि गंमत म्हणजे ह्या नाण्यावर किंमत कुठंच लिहिलेली नाही. एक पौंड पण नाही, काही नाही. सोनं हीच किंमत. चाळीस ट्रॉय पौंड (सोनं तोलायचं इंग्रजी वजन) बावीस कॅरेट सोन्यातनं १८६९ नाणी पाडायची असा हिशोब, म्हणून एकाचं वजन ७.९८८ ग्रॅम येतं, त्यात शुद्ध सोनं ७.३२२, बाकीचं तांबं, त्यामुळं ती किंचित लालसर दिसते. जुन्या मापात आठ मासे पावणेदोन गुंजा. आकारानं २०११ ला आलेल्या एक रुपयाच्या नाण्याएवढीच, २२ मिलिमीटर, पण हातावर दोन्ही ठेवून बघा, दुपटीहून जड. केरळ-तमिळनाडूत सोन्याचा भाव अजून आठ ग्रॅमला सांगतात ना, पवन म्हणा सवरन म्हणा, ते ह्याच नाण्याचं वजन.

आणि पणज्याला ती का आवडली असणार ते पण ह्या हिशोबात आहे. १८९९ पासून सॉव्हरिन हिंदुस्थानात पंधरा रुपयांना कायदेशीर चालायचं. तेव्हाचा रुपया म्हणजे एक तोळा वजनाचा. पंधरा रुपये न्यायचे तर पंधरा तोळे कमरेला बांधून न्या, नाहीतर ही एक गिनी धोतराच्या सोग्यात. तंबाखूच्या गाड्यांबरोबर रात्रीबेरात्री हिंडणाऱ्या माणसाला अजून काय पाहिजे.

आता खरी उत्सुकता सांगतो. घरी येऊन चार रात्री मोबाइलवर वाचत बसलो, त्यात कळलं की १९१८ ला हे नाणं मुंबईला पण पाडलंय. महायुद्ध चालू, चांदी एवढी महागली की रुपया वितळवला तर जास्त पैसे मिळायची पाळी आली, लोक चांदी दाबून ठेवायला लागले, नोटा घेऊन रुपये मागायला रांगा. सरकारनं ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची नोट काढली, मग अडीच रुपयाची पण काढली (अडीच रुपयाची नोट, कल्पना करा), अमेरिकेकडनं चांदी आणली, आणि एकीकडं सोनं होतं त्याची नाणी पाडायची ठरवली. लंडनच्या रॉयल मिंटची शाखा मुंबईत उघडली. तिची तयारी होईपर्यंत त्याच वजनाची पंधरा रुपयाची सोन्याची मोहर पाडली, जवळपास २१ लाख, आणि मग सॉव्हरिन, जवळपास १३ लाख. वर्षभरात शाखा बंद. ह्या मुंबईच्या सॉव्हरिनवर साल लिहिलंय त्याच्या वर, घोड्याखालच्या जमिनीच्या रेघेवर, इंग्रजी 'आय' अक्षर असतं. इंडियाचा आय. राईच्या दाण्याहून लहान.

त्या पंधरा रुपयाच्या मोहरेवर राजाचा झगा आहे आणि झग्यावर हत्ती. हा हत्ती म्हणजे सुधारलेला हत्ती बरं का. पहिल्यांदा १९११ च्या रुपयावर तो आला तेव्हा सोंड एवढी आखूड निघाली की लोक म्हणाले हा डुक्कर आहे, मुसलमान भडकले, सरकारनं बाहेर पडलेली नाणी परत घेतली आणि सगळा साठा वितळवला, पुढच्या वर्षीपासून सोंड लांब. एका सोंडेपायी लाखो रुपये भट्टीत गेले. आणि इकडं आमच्या आज्जीला सेंट जॉर्जमध्ये खंडोबा दिसला तर एम्पायरला त्याचा पत्ता नाही.

तर मग मला आता आय बघायचाच होता. परत काकांच्या दुकानात. ह्या वेळी बोटानं पुसून, उजेडात तिरकी धरून. साल आधी लागलं, १९१३. म्हणजे आय असणं शक्यच नाही, १९१३ ला मुंबईत पाडलंच नाही. थोडा हिरमोड झाला, खोटं कशाला बोलू. पण जमिनीच्या रेघेवर कायतरी होतं, झिजलेलं, उभी रेघ आणि वर एक पोट. काकांनी भिंग घेतलं, बराच वेळ बघितलं, म्हणाले "पी आहे की रे."

पी म्हणजे पर्थ. ऑस्ट्रेलियाचं पश्चिम टोक. तिथं कालगुर्लीला १८९३ ला सोनं सापडलं, माणसं वाळवंटात पाण्यावाचून मेली तरी जात राहिली, आणि ते सोनं तिथल्या तिथं नाण्यात उतरवायला १८९९ ला पर्थला रॉयल मिंटची शाखा निघाली. सिडनीची त्याच्या आधीची, तिचं अक्षर एस, मेलबर्नचं एम, कॅनडातल्या ओटावाचं सी, प्रिटोरियाचं एसए, आणि लंडनच्यावर अक्षरच नाही, मालकाला कशाला लागतंय नाव. ऑस्ट्रेलियातनं ही सॉव्हरिनं पेट्या भरून हिंदुस्थानात यायची, कारण आपल्याकडं सोनं आलं की परत जात नव्हतं, मडक्यात, गळ्यात, देव्हाऱ्यात मुरत होतं. आमची पण तसलीच मुरलेली.

ह्या सगळ्यात एक प्रश्न डोक्यात राहिला, की आपलं स्वतःचं सोन्याचं नाणं कुठलं? होन म्हणाल तर होन. १६७४ ला राज्याभिषेकाच्या वेळी महाराजांनी पाडला, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', तीन ग्रॅमला थोडं कमी वजन. चित्र नाही, राजाचं तोंड नाही, नुसती नागरी अक्षरं आणि भोवती ठिपक्यांची माळ. मला विचाराल तर ह्याच्यापुढं पिस्त्रुची पाणी कमी, पण मी मराठी आहे तेव्हा माझं मत धरू नका. आणि होन हा शब्द मात्र कन्नड आहे हो, होन्नु म्हणजे सोनं. इकडं पाट्यांवरनं भांडणं होतात, एसट्यांना काळं फासतात, आणि महाराजांच्या नाण्याचं नाव होन्नु. नाणं हा शब्द पण तिकडं नाण्यच आहे.

त्याच्याही आधीचं बघायचं तर खानापूर तालुक्यातलं हलशी. गोव्याच्या कदंबांची ती दुसरी राजधानी, आता भूवराह नरसिंहाचं देऊळ आणि भोवती शेती. त्या कदंबांच्या सोन्याच्या नाण्यावर सिंह असायचा आणि मागं नागरीत 'श्री सप्तकोटीश्वर लब्ध वरप्रसाद', म्हणजे सप्तकोटीश्वराचा वरप्रसाद मिळालेला. त्यांच्या ह्या देवाचं गोव्यातलं देऊळ पुढं महाराजांनी १६६८ ला परत बांधायला घेतलं. आता सप्तकोटी म्हणजे सात कोटी, आणि आपण मंगसुळीला भंडारा उधळताना येळकोट येळकोट म्हणतो ते पण कन्नडमधलं एळु कोटी, सात कोटीच. दोन्ही देव एकच असं मी म्हणत नाही, तुम्ही भांडायला येऊ नका, पण मला ते वाचून अंगावर काटा आला एवढं खरं.

सरकारी म्हणाल तर स्वतंत्र भारताचं सोन्याचं नाणं नोव्हेंबर २०१५ ला आलं, इंडियन गोल्ड कॉइन, एका बाजूला अशोकचक्र, दुसऱ्या बाजूला गांधीजी, पाच आणि दहा ग्रॅमचं, चोवीस कॅरेट. मेव्हण्यानं धनत्रयोदशीला एक घेतलंय. सील केलेल्या प्लास्टिकमध्ये आहे, फोडायचं नाही म्हणे, फोडलं तर परत देताना कटकट. हातात घेऊन वजन बघता येत नाही, टिचकी मारून वाजवता येत नाही. सोनं एक नंबर आहे, ९९९, पण डिझाइन बघून वाटतं कमिटीनं ठरवलंय. आणि मुंबईच्या सॉव्हरिनवरचा तो आय, तो पण २०१३ पासून परत आला, त्यांच्या परवान्यावर एक भारतीय कंपनी इथंच पाडायला लागली. म्हणजे भारतात पाडलेल्या नाण्यावर सेंट जॉर्ज परत घोडा उडवायला लागला. आज्जी असती तर म्हणाली असती, उडवंना का, देवाला बंदी कुणाची.

कडी काढून घ्यायची का असं पण एकाला विचारलं. तो म्हणाला काढली तर कडेचे दाते जातील, आहे तशी राहूदे. राहिली.

आईला मी हे सगळं सांगितलं, घट बसले त्या रात्री. पर्थ, ऑस्ट्रेलिया, सेंट जॉर्ज, ड्रॅगन. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "समुद्रानं आला का विमानानं?" म्हटलं १९१३ ला कुठलं विमान, बोटीनं आला असणार. "मग दमला असेल," म्हणाली, आणि गिनी घेऊन घोडा वर करून ताम्हणात ठेवली, चिमूटभर भंडारा टाकला.

ह्या चंपाषष्ठीला मंगसुळीला नेणार आहोत त्याला. चिंच तेवढी बंद केलीय मी, आता नुसत्या मऊ कापडानं पुसायचं असं ठरलंय.